मनोऱ्याच्या पोटात

निघताना शर्वाणीनं खिशात घातलं
चौकटीच्या वहीच्या पानाचं विमान.
"तुमच्याकडं वर लई वारं असतंय ना पप्पा,
तिथनं सोडा.
ठोसेघरच्या पलीकडं जाऊ दे."

गोडोलीतनं निघून घाट चढेपर्यंत
ते डाव्या खिशात होतं, टेस्टरच्या शेजारी.

चाळकेवाडीच्या पठारावर वारं
युनिटच्या भावानं विकलं जातं.
तिथलं गवत उभं राहायचं विसरलंय.
आपण बोललेलं वाक्य कर्त्यापाशीच तुटतं
आणि क्रियापद जातं नागठाण्याकडं.

सोडलं.
हातातून सुटता सुटता उलटं झालं,
पंख एकमेकांत शिरले,
आणि तारेच्या कुंपणात अडकून
नुसता कागद होऊन फडफडत राहिलं.

घरी सांगितलं, गेलं.
कुठवर?
दिसेनासं झालं बघ.
तसं खोटं नव्हतं. मीच मान फिरवली होती.

इलाही शिकलगार माझ्याबरोबर रात्रपाळीला.
बाप गावोगाव सुऱ्यांना धार लावत हिंडायचा,
त्यामुळं ह्याचं सगळं बोलणं कडेवरच येतं.
म्हणाला, "वारं नाय उडवत त्येला.
ते आपलं आपण पुढं सरकतंय,
तेवढंच वारं त्येला लागतंय.
नाकाशी दोन घड्या जास्त घाल, तोंड जड पायजे.
मागची कड नखानं उचल, केसभर.
केसभर म्हंजे केसभर.
जास्त उचललीस तर मान वर करून थांबतंय,
आन थांबलं की पडलंच."

मग रोज रात्री, दोन नोंदींच्या मधे,
जुन्या तक्त्यांची विमानं.
धुकं असलं की कागद घडी विसरायचा,
पहाटेपर्यंत पंख लोंबायचे
दमलेल्या माणसाच्या खांद्यासारखे.
कोरड्या रात्री बरी जायची,
पण सगळी डावीकडं.
माझा डावा अंगठा जास्त दाबतो म्हणे.
सरळ जाणारं एकही जमलं नाही.

मार्चमधे सतरा नंबरचं मशीन बंद होतं,
गिअरबॉक्सचं तेल बदलायचं होतं.
मी आत, शिडीच्या वरच्या टोकाला.
इलाही तळाशी, दार लावून बसलेला.
एवढी मोठी पाती डोक्यावर
आणि आत, त्या पोलादी नळीत,
वाऱ्याचा टिपूस नाही.
स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

खिशात मागच्या आठवड्याचा तक्ता होता:
अकरा, सोळा, साडेचौदा, पुन्हा सोळा.
त्या आकड्यांवरच घडी घातली.
फेकलं नाही.
सायकल शिकवताना मागून सीट सोडतात
तसं सोडलं.

डावीकडं गेलं.
पुन्हा डावीकडं.
सरळ गेलं असतं तर समोरच्या पत्र्यावर आपटलं असतं;
हे वळत राहिलं, विहिरीत उतरणाऱ्या पारव्यासारखं,
भिंतीपासून वीतभर आत.
उन्हानं पत्रा तापला होता,
कडेनं गरम हवा वर येत होती,
तिच्यावर जरा टेकायचं, जरा उतरायचं.
खालून इलाही मोजत होता मोठ्यानं,
त्याचा आवाज माझ्यापर्यंत गोल गोल येत होता.
एकोणचाळीस. चाळीस.
एकेचाळिसाव्याला ते उतरलं
त्याच्या पान्यांच्या पेटीत.
बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.
नंतर तो म्हणाला, "तेल बदलू या."

घरी ह्या वेळी सगळं सांगितलं,
कुंपणाचंसुद्धा.
शर्वाणी कुंपणावर काही बोलली नाही.
विमानाला तेलाचा वास येतो म्हणाली.
उजेडाकडं धरून, एक डोळा मिटून
मागून पाहिलं तिनं.
"पप्पा, ही डावी कड वर आलीय. चुकलंय."
राहू दे, म्हणालो, राहू दे तशीच,
तोवर तिच्या नखानं ती सपाट केली होती.

आणि ते गेलं,
गॅलरीतून नाकासमोर, एकदाही न वळता,
जंगमांच्या पाण्याच्या टाकीवर.
अजून तिथंच आहे.